गावच्या दवाखान्याचा पैसा आणि त्याचे अहवाल : २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत काय मागावं?

मालवी_मैना
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. माझी वहिनी महू तहसिलीतल्या एका उपकेंद्रावर सोळा वर्षं एएनएम, म्हणजे गावची सरकारी नर्स, आहे. गेल्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेले होते. ताटं मांडायला जागा हवी म्हणून टेबलावरची रजिस्टरं उचलायला घेतली, तर अकरा निघाली. गर्भवतींचं, लसीकरणाचं, पात्र दांपत्यांचं, औषधसाठ्याचं, जन्म-मृत्यूचं, आणखी कसली कसली. सगळ्यांत खाली एक शंभरपानी पातळ वही होती. तिच्यावर वहिनीच्या अक्षरात "अनटाइड फंड". केंद्राला किरकोळ गरजांसाठी जो मोकळा निधी मिळतो, त्याचा हिशेब.

मी ती वही उघडली. फिनाइल, पडदे, हातपंपाचं वायसर, बाळाच्या वजनकाट्याची दुरुस्ती. प्रत्येक ओळीपुढे बिलाचा क्रमांक. मी विचारलं, ही वही गावात कुणी पाहिलीय का? वहिनी म्हणाली, "ब्लॉकला जाते, जिल्ह्याला जाते. गावात आजवर कुणी मागितलीच नाही."

तिथले सरपंच चांगले आहेत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आरोग्याच्या अहवालांवर ठराव घेऊन तो जिल्ह्याला आणि भोपाळला सूचना म्हणून पाठवायची त्यांची तयारी आहे. मसुदा मला लिहायला सांगितलाय. तुमच्यात आरोग्य खात्यातले आहेत, हिशेबातले आहेत, म्हणून विचारते. काय मागावं? अहवाल कमी करा म्हणावं, की अजून काही?

छत्रीबाग
कमी करा म्हणा, दुसरं काही लिहूच नका. नर्सबाईने नाडी बघायची की रकाने भरायचे? माझ्या आतेबहिणीने ही नोकरी लिखाणाला कंटाळून सोडली. एरवी सुईला तिचा हात इतका हलका होता की पोरं रडत नसत.

गोरखी
ग्वाल्हेरहून लिहितो. नोकरीची ३४ वर्षं लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे दुसरी बाजू मांडणं माझं कर्तव्य समजतो.

हा पैसा येतो कुठून ते आधी बघा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ ला सुरू झालं. २०१३ मध्ये शहरी भाग जोडून त्याचं राष्ट्रीय आरोग्य अभियान झालं. २०१५-१६ पासून आपल्यासारख्या राज्यात १०० रुपयांतले ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे. दोन धनी आहेत, म्हणून दोघांना हिशेब. मागचा हिशेब पोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. खाली दिलेला पैसा कागद येईपर्यंत वर "उचल" म्हणूनच दिसतो, खर्च म्हणून नाही. म्हणजे एका उपकेंद्राने कागद अडवला तर जिल्ह्याचा आकडा अडतो. अहवाल बंद करा म्हणाल तर पैसाच बंद होईल.

पण अहवालात काय विचारतात, याबद्दल माझी मोठी तक्रार आहे. उपयोगिता प्रमाणपत्र २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या नियम २३८ प्रमाणे वर्ष संपल्यावर १२ महिन्यांत द्यायचं असतं. त्यात मुख्यतः काय असतं? आधीची शिल्लक, मिळालेली रक्कम, खर्च, उरलेली शिल्लक आणि ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लागले असा दाखला. एकदा तपासणीला एका प्राथमिक केंद्रावर गेलो होतो. नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र घेतलेलं, बिल बरोबर, प्रमाणपत्र बरोबर, पैसा शंभर टक्के खर्च. यंत्र कुठे आहे विचारलं तर शेजारच्या खोलीत नेलं. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा कापलेली नव्हती. यंत्राला जाड पिनांचा पंधरा अँपिअरचा प्लग, आणि खोलीत सगळे सॉकेट पाचचे. दीड वर्ष ते तसंच. माझ्या तपासणीच्या यादीत "बाळाला ऊब मिळाली का" हा प्रश्नच नव्हता. परत येताना जीपमध्ये मी कुणाशी बोललो नाही.

मालवी_मैना
काका, हे वाचून पोटात कालवलं. म्हणजे अहवाल खरा आणि तरीही काम झालेलं नाही.

रजिस्टरवाली
मी स्वतः एएनएम, शेजारच्या जिल्ह्यात. मालवी_मैनाताई, तुमच्या वहिनीला माझा नमस्कार सांगा, अकरा म्हणजे त्यांनी आवरून ठेवलीत.

एका गर्भवतीचं उदाहरण घ्या. आशाताई तिला आपल्या डायरीत लिहिते. मी आरसीएच (माता-बाल आरोग्य) रजिस्टरमध्ये लिहिते. मग तेच मोबाईलवर अनमोल ॲपमध्ये. तिच्या हातातलं जच्चा-बच्चा कार्ड भरते. बाळंत झाली की प्रसूती रजिस्टर. जननी सुरक्षा योजनेचे १,४०० रुपये मिळावेत म्हणून बँक पासबुक, समग्र आयडी (राज्याचा ओळख क्रमांक), आधार यांची वेगळी फाइल. आणि महिनाअखेर एचएमआयएस, म्हणजे खात्याच्या मासिक आकडेवारीसाठी पुन्हा सगळ्यांची बेरीज. सात ठिकाणी एकच बाई. एखाद्या ठिकाणी नावाची वेलांटी चुकली की पैसे अडकतात, आणि ती बाई तान्हं बाळ घेऊन माझ्याच दारात येते.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या गावात, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंतच्या तपासण्या माझ्याकडे, मग ती माहेरी, तिथली एएनएम दुसरी. बाळंत झाल्याचं मला फोनवर सासूकडून कळतं. माझ्या यादीत "बाकी" दिसते, तिच्या यादीत कधी कधी येतच नाही. मीटिंगमध्ये मला विचारतात, ही बाई गेली कुठे? साहेब, ती आईकडे गेली.

एका आजीबाईने मला रजिस्टरात मान घालून बसलेली बघून विचारलं होतं, "बाई, तुझं लग्न कोणत्या वहीत लिहिलंय?" हसले खूप, पण घरी जाऊन नवऱ्याला सांगताना रडू आलं.

तिलकनगर
"ती आईकडे गेली" 🙏 आमच्या घरात तिन्ही मुलींची बाळंतपणं माहेरी झाली. हे कुठल्या रकान्यात बसत नसेल असा विचारही कधी केला नव्हता.

पोहेजलेबी
मी विजय नगरात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हे सगळं एकदाच भरून बाकी ठिकाणी आपोआप जाऊ शकतं. प्रत्येक बाईचा एक क्रमांक असतो, पोर्टलनी एकमेकांशी बोलायचं असतं. कागदी रजिस्टरं बंद करा, फक्त ॲप ठेवा असं ठरावात लिहा. तंत्रज्ञान आहे, इच्छा नाही.

रजिस्टरवाली
दादा, इच्छेचं राहू द्या, आधी माझ्या फळ्यावर (पाड्यावर) या. टेकडीच्या अलीकडे नेटवर्कची एक दांडी, पलीकडे तीही नाही. लसीकरणाच्या दिवशी झाडाखाली तीस बायका बसतात. ॲप फिरत राहतं, पोरं रडत राहतात. कागदावर लिहून रात्री घरी मोबाईलवर चढवते. रजिस्टर बंद केलंत तर ज्या दिवशी ॲप रुसेल त्या दिवशीची लस कुठे लिहू? कागद राहू दे, पण एकच राहू दे.

पोहेजलेबी
ताई, बरोबर आहे तुमचं. मी शहरातून बोललो. मग असं म्हणूया : नोंद एकदाच करायची, कागदावर किंवा ॲपवर, जिथे सोयीचं तिथे. बाकी सगळी बेरीज मशीनने करावी. बेरीज हे माणसाचं कामच नाही.

शिप्राकाठ
मी डॉक्टर. बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष धार जिल्ह्यातल्या एका प्राथमिक केंद्रात काढलं. "अहवाल कमी करा" असं सरसकट लिहू नका, कळकळीने सांगते.

तेव्हा रोगसर्वेक्षणाचे साप्ताहिक तक्ते असायचे. उपकेंद्राचा एस, डॉक्टरचा पी, प्रयोगशाळेचा एल. सोमवार ते रविवार. मलाही ते सुरुवातीला ओझं वाटायचं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका एएनएमच्या एस तक्त्यात जुलाबाचे नऊ रुग्ण दिसले, आधीच्या आठवड्यात दोन होते. मी फोन केला. ती म्हणाली, मॅडम, नऊच्या नऊ एकाच फळ्यातले आहेत. संध्याकाळी गेलो. नळाचा पाइप गटारातून गेला होता, आणि सांध्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. दुसऱ्या दिवशी टँकर, क्लोरीन, ओआरएसची पाकिटं घरोघर. कुणी दगावलं नाही. हा अहवाल एका पानाचा होता, दर आठवड्याला जायचा आणि तो वाचणारं माणूस फोन लावून विचारता येईल इतकं जवळ होतं. म्हणून तो कामी आला.

तेव्हा प्रत्येक अहवालाला एकच प्रश्न विचारा : हा कोण वाचतं, आणि वाचून काय करतं? ज्याला उत्तर नाही तो काढा. ज्याला आहे त्याला हात लावू नका.

छत्रीबाग
डॉक्टरताई, हे पटलं. माझा पहिला प्रतिसाद रागात होता.

आप्पा_रामबाग
तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. दवाखान्याचा पैसा तिथल्याच समितीने सांभाळायची कल्पना आपल्याच गावची. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, तेव्हा इंदूरच्या एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये उंदरांचा सुळसुळाट होता. रुग्ण हलवून अख्खं हॉस्पिटल रिकामं केलं, उंदीर मारले, धुऊन काढलं. तेवढ्या मोठ्या इमारतीतून खाटा, गाद्या, भंगार बाहेर निघत होतं, रस्त्यावरून बघायला गर्दी. त्यानंतर परत तीच गत होऊ नये म्हणून रोगी कल्याण समिती निघाली. रुग्णांकडून थोडं शुल्क, लोकांच्या देणग्या, आणि तो पैसा वर न जाता हॉस्पिटलच्या समितीकडेच. खर्च समिती ठरवणार. पुढे मध्य प्रदेशभर झाली, मग २००५ च्या अभियानाने ती देशभर नेली. आज देशातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर "रोगी कल्याण समिती" वाचलं की माझी छाती फुगते. तो शब्द इंदूरचा आहे.

तिलकनगर
आप्पा, आम्ही तेव्हा शाळेत. बाबा सांगायचे, घरात महिनाभर उंदराचं नाव काढायचं नाही असा आईचा हुकूम होता.

आप्पा_रामबाग
आमच्याकडे तर गणपतीच्या मूषकाकडेही संशयाने बघत होते 😄

वडोदरेकर_मंडळी
विषयावर येऊ का? आमच्या गुजरातने २०१० मध्ये ई-ममता काढलं, आई आणि बाळाची नावानिशी नोंद. नंतर देशात तशीच पद्धत आली. माझी जाऊ आशा आहे. तिच्या मते चांगली गोष्ट एकच झाली : ममता दिवसाला (गावातल्या लसीकरण-तपासणीच्या दिवशी) कोणाकोणाला बोलवायचं त्याची यादी तयार मिळू लागली. म्हणजे वर पाठवलेल्या माहितीतून काहीतरी खाली परत आलं. तिथे तिला लिहायचा कंटाळा येत नाही. जिथून काहीच परत येत नाही तिथे येतो.

मालवी_मैना
वडोदरेकर, अगदी हेच मला वहिनीच्या डोळ्यांत दिसलं होतं, पण शब्द सापडत नव्हता. वर जातं, खाली येत नाही.

मुळशीचा_मावळा
पुण्याकडून. आमच्याकडे लोकाधारित देखरेख २००७ पासून चालू झाली. तेव्हा नऊ राज्यांत प्रायोगिक होती, तुमचं मध्य प्रदेशही त्यात होतं. गावात बसून पत्रक भरायचं : नर्स आली का, औषध मिळालं का, पैसे मागितले का. उत्तराप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल रंग. पत्रक शाळेच्या भिंतीवर. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही लाल कळतो. मग जनसुनवाईत अधिकारी समोर आणि लोक समोर. मी दोन सुनवायांना होतो. एका म्हातारीने उठून विचारलं, "तुमच्या कागदात माझ्या गावाला गाडी आहे, मग मला ती दिसत का नाही?" दोन महिन्यांनी रुग्णवाहिका फिरू लागली.

छत्रीबाग
मला एक भीती आहे, बोलून टाकतो. गावात हिशेब वाचायचा म्हणजे कुणावर येणार? आशावर आणि एएनएमवर. वरच्यांना कोण विचारतंय? पूर्वी उपकेंद्राच्या १०,००० रुपयांचं खातं एएनएम आणि सरपंच यांचं जोडीने असायचं. माझ्या आतेबहिणीला सह्यांसाठी सरपंचाच्या ओट्यावर तीन-तीनदा बसावं लागे. तिथे हिशेब वाचून गटबाजी झाली तर एकटी बाई काय करील? आणि ती गावाबाहेरची, एकटी राहणारी.

रजिस्टरवाली
छत्रीबागदादा, भीती खरी आहे. पण मला उलट अनुभव आला. आमच्या गेटची कडी तुटली होती, रात्री कुत्री आत यायची. गावातल्या वेल्डरने ती लावून दिली, २८० रुपये. त्याचं बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, खाली सही. ब्लॉकला नामंजूर : पक्कं बिल आणा. आता पैसा खात्यातून थेट विक्रेत्याच्या खात्यात जातो, म्हणून त्याचं बँक खातं, नोंदणी, सगळं हवं. त्या वेल्डरकडे काय आहे? एक मशीन आणि हात. शेवटी मी माझ्या पगारातून दिले. पुढे गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत मी सहज बोलून गेले, तर पंचबाई उठल्या, "कडी आम्ही सगळ्यांनी पाहिलीय, आम्ही सही करतो, पंधरा सह्या करतो." पंधरा झाल्या. ब्लॉकने तरी घेतलं नाही. पण त्या दिवसापासून ते केंद्र गावाचं आहे, माझं एकटीचं नाही.

गोरखी
बाई, तुमच्या पंधरा सह्या माझ्या हातात आल्या असत्या तर मी त्या मान्य केल्या असत्या, आणि वर टिप्पणी लिहिली असती. पक्क्या बिलापेक्षा तो मोठा पुरावा आहे. लहान रकमेसाठी समितीचा पंचनामा ग्राह्य धरावा, हे ठरावात घालाच.

पैशाच्या वाटेबद्दल थोडं. २०२१ पासून राज्याचं एक मुख्य (नोडल) खातं आणि खाली शून्य शिल्लक खाती, खर्चाची फक्त मर्यादा दिलेली असते. त्याआधी ठिकठिकाणी पैसा पडून राहायचा. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात आहे : २७ राज्यांत अखर्चित रक्कम २०११-१२ मध्ये ७,३७५ कोटी होती, ती २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटी झाली. तेव्हा नवी पद्धत चुकीची नाही. पण ती वरून खाली बघायला केली आहे. दिल्लीत बसून कुठल्या खात्यातून किती गेले ते दिसतं. त्याच खात्याशेजारी राहणाऱ्या माणसाला दिसत नाही.

आणि सूचना कुणी मागवल्यात म्हणून वाट बघू नका. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे कायदे आणि नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचे असतात. पण अहवालाचे नमुने परिपत्रकाने येतात. एक रकाना वाढवला तर देशभरच्या एएनएमचे किती तास जातात, हे त्या रकान्याला कुणी विचारत नाही. ग्रामसभेचा ठराव हीच तुमची सूचना. नोंदवहीत क्रमांक घालून पाठवा, पोच घ्या, आणि दोन महिन्यांनी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्याचं काय झालं ते विचारा.

पोहेजलेबी
काका, एक रकाना वाढवण्याचा विचार मी कामात रोज करतो, "एक फील्ड तर आहे" म्हणतो. आज पहिल्यांदा त्याच्या पलीकडे बसलेली बाई दिसली.

मालवी_मैना
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वहिनीला फोनवर धागा वाचून दाखवला. वेल्डरचं ऐकून ती म्हणाली, आमच्याकडे तो सुतार होता. मसुदा असा केलाय, चुका सांगा :

"ग्रामसभा असा ठराव करते की, एका व्यक्तीची नोंद एकदाच घेतली जावी, आणि त्यावरून होणाऱ्या बेरजा व अहवाल कार्यकर्तीकडून पुन्हा मागू नयेत. माहेरी गेलेल्या बाळंतिणीची नोंद दोन्ही गावांच्या यादीत दिसावी. रोगसर्वेक्षण चालू ठेवावे, आणि त्यातील आपल्या गावाची माहिती आरोग्य समितीला कळवावी. ५०० रुपयांपर्यंतच्या स्थानिक कामासाठी पक्क्या बिलाऐवजी आरोग्य समितीचा सह्यांसह पंचनामा ग्राह्य धरावा. उपकेंद्राला मिळालेली मर्यादा, झालेला खर्च आणि उरलेली रक्कम दर तीन महिन्यांनी केंद्राच्या भिंतीवर रंगाने लिहावी. खरेदी केलेली वस्तू वापरात आहे की नाही, हे समितीने स्वतः पाहून त्याखाली लिहावे. हिशेबाचे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या एएनएम किंवा आशावर न टाकता ब्लॉकचा एक अधिकारी त्या बैठकीस हजर असावा."

शेवटचं वाक्य छत्रीबागदादांमुळे घातलं.

शिप्राकाठ
छान. "वापरात आहे की नाही" यापुढे "नसल्यास का नाही" एवढं जोडा. सॉकेट नव्हता हे कुठेतरी लिहिता यायला हवं.

गोरखी
५०० ऐवजी १,००० करा. हातपंपाचं सामान पाचशेत येत नाही हल्ली.

छत्रीबाग
भिंतीवरचं मराठीत नका लिहू बरं 🙂 तिथे हिंदी, आणि बोली भिली-निमाडी असेल तर आकड्यांशेजारी चित्रं काढा. पुणेकर म्हणाले तसे रंग.

मालवी_मैना
हो, ठराव हिंदीतच जाईल, वहिनीची मुलगी करून देतेय. तिघांच्या दुरुस्त्या घेतल्या. आशाताईचा मुलगा चित्रं काढतो, भिंत त्याला देणार आहोत.

रजिस्टरवाली
ताई, हिंदी प्रत झाली की मला पाठवाल? आमची ग्रामसभाही त्याच दिवशी आहे. पंचबाईंना आधी वाचून दाखवते, त्यांना माहेरचं वाक्य नक्की आवडेल.